टेकाळे सर आणि माणसांची तोंडं

टेकाळे सर माणसाच्या तोंडाकडे असे बघायचे, की आपल्या नाकावर माशी बसली आहे की काय अशी शंका यावी. चष्मा कपाळावर सरकवायचा, मान जराशी पुढे काढायची आणि हातभर अंतरावरून दोन्ही डोळे समोरच्या तोंडावर रोखायचे. मग एक लांब श्वास आणि इंग्रजीत निकाल. मी पहिल्यांदा त्यांच्या क्लासला गेले त्या दिवशी माझं तोंड असंच तपासून ते म्हणाले, "यू लुक फ्राइटन्ड. म्हंजे तू घाबरेल दिसून राहिली." मी मुळीच घाबरले नव्हते. साखऱ्याहून सेनगावला जीपच्या मागच्या फळीवर अकरा जणांत दबून आले होते आणि डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. मी तसं सांगून टाकलं. सरांना काडीचंही वाईट वाटलं नाही. "बराबर. चुकलं माझं," म्हणाले, आणि मुंग्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते फळ्यावर लिहायला वळले. ते त्यांना आलं नाही. मग मुंग्याच काढून दाखवल्या.

हे सर मूळचे सर नव्हतेच. सेनगावच्या गुरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. बैलाच्या जखमा धुवायच्या, मलमपट्टी करायची, डॉक्टर सुई टोचतात तोवर शिंगं धरून ठेवायची, यात त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर त्यांनी एका कृषी सेवा केंद्राच्या वरची खोली घेतली आणि बाहेर पाटी लावली: 'इंग्रजी बोला, हिंदीतून'. लोक हसले. सर म्हणाले, "हसू द्या. ते हसून राहिले का दात दुखून राहिले त्यांचे, हे इंग्रजीत सांगता आलं पाह्यजे."

हिंदीतून का, याला कारण एक जाडजूड पुस्तक होतं. हिंदी भाषिकांना इंग्रजी शिकवणारं ते पुस्तक सरांनी कधीतरी अकोल्याच्या स्टेशनवर गाडीची वाट बघताना घेतलं होतं. कव्हर केव्हाच गेलेलं, पहिली चाळीस पानं भिजून चिकटलेली. त्यात बँकेत काय बोलावं, पोस्टात काय बोलावं, साहेबाला रजा कशी मागावी, सगळं होतं. पण सरांचा जीव एकाच धड्यावर. दुसऱ्यांच्या मनाची अवस्था इंग्रजीत कशी सांगावी, याचा तो धडा. 'वह चिंतित प्रतीत होता है', 'वह प्रसन्न प्रतीत होती है', अशी ओळीनं साठ वाक्यं. 'प्रतीत' हा शब्द सेनगाव तालुक्यात तोवर कुणी तोंडात घेतला नव्हता. मराठीतून हिंदीत चढायचं, तिथे जरा दम खायचा आणि मग इंग्रजीत उतरायचं, असा आमचा प्रवास. हाच धडा काहून, असं मी एकदा विचारलं, तर सर म्हणाले, "बँकेत फारम भेटते, पोस्टात फारम भेटते. मानसाच्या मनात काय चालू हाये, याचं फारम कुठं भेटते का?"

वर्गात आम्ही चौदा जण. नऊ मुली आणि पाच फरशी बसवणारे. हे पाचजण उत्तर प्रदेशातले, सेनगावात नवी घरं उठत होती तिथे कामाला आलेले, आणि सगळ्यांना आखातात जायचं होतं. पुस्तक खरं त्यांच्यासाठीच लिहिलेलं, पण त्यातला म्होरक्या रामकेवल पहिल्याच दिवशी म्हणाला, "सरजी, ऐसी हिंदी तो हमारे गाँव में मास्टर भी नहीं बोलते." खालून कीटकनाशकांचा वास यायचा. पेरणीच्या दिवसांत तो असा यायचा, की अर्ध्या तासात सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा लागायच्या. सर फळ्याकडून वळायचे, रडणारा सगळा वर्ग बघायचे आणि समाधानानं म्हणायचे, "ऑल ऑफ यू लुक सॅड. सांगा, काहून?" मग एकेकानं उठून, मी दुःखी नाही, खाली फवारणीचा डबा फुटला आहे, असं इंग्रजीत सांगायचं. फवारणीवर आमचं इंग्रजी फार चांगलं झालं.

माझा या क्लासात शिरण्याचा हेतू शुद्ध नव्हता. तो आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा होता. बारावी सायन्स करून मी घरी बसले होते आणि आबांनी माझ्यासाठी स्थळं बघायला घेतली होती. पुण्यातल्या नोकरदार पोरांकडून एकच विचारणा यायची, मुलीला इंग्रजी बोलता येतं का. आबांनी त्यावर उपाय म्हणून मला टेकाळे सरांच्या हवाली केलं. जमीन विकण्याआधी तिला कुंपण घालतात, तसाच हा प्रकार. मला त्यात काही गैर वाटलं नाही, हेही सांगून टाकते. जीपमधून रोज सेनगावला जायला मिळत होतं, याच आनंदात मी होते.

दर बुधवारी सर आम्हाला स्टँडवर न्यायचे. तिथे प्रत्येकानं एक माणूस निवडायचा, त्याचं तोंड बघून वहीत इंग्रजीत एक वाक्य लिहायचं आणि मग त्या माणसाकडे जाऊन बरोबर आहे का ते विचारून यायचं. ही दुसरी पायरी पुस्तकात नव्हती, ती सरांची. "बैल बोलत न्हाई," ते सांगायचे, "म्हनून त्याचं तोंड वाचावं लागते. मानसाला देवानं जीभ दिली हाये. त्याचं तोंड वाचावं आन मंग इचारून घ्यावं. इचारल्याबिगर वही बंद करायची न्हाई." न विचारता कुणी वही मिटली की सर ती परत उघडायला लावायचे.

आता गंमत अशी, की सरांना गुरांचं सगळं कळायचं आणि माणसांचं काहीच कळायचं नाही. एकदा स्टँडवर एक म्हातारी पदर तोंडाला लावून, मान खाली घालून बसली होती. सरांनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं आणि हळहळत म्हणाले, "शी लुक्स हार्टब्रोकन. कोनी तरी गेलं हिच्या घरचं. वंदना, जाय, पर हळू इचार." मी गेले, आवाज मऊ करून विचारलं. म्हातारीनं पदर काढला. तोंडात मिश्री. "थुकाया जागा पाहून राहिले माय," ती म्हणाली, "तुमी सगळे माझ्याकडंच पाहून राहिले, मंग थुकू कशी?" मी परत येऊन अहवाल दिला. सरांनी मान हलवली. "बराबर. चुकलं माझं." ही दोन वाक्यं ते दिवसातून दहा वेळा म्हणत आणि दर वेळी अगदी मनापासून म्हणत.

रामकेवलनं एकदा एक कंडक्टर निवडला. "ही लुक्स अँग्री," म्हणाला. मग नियमाप्रमाणे जाऊन विचारलं, "भाईसाब, आप नाराज हैं क्या?" कंडक्टर तिकिटांचा हिशेब जुळवत होता. तो म्हणाला, नाही. रामकेवलला खात्री वाटेना, त्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कंडक्टरनं त्याला स्टँडच्या फाटकापर्यंत पोचवलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला, "तुझं वाक्य चूक व्हतं. पर तू मेहनतीनं बराबर करून घेतलं."

घरीही काही वेगळं नव्हतं. काकू, म्हणजे त्यांची बायको, एकदा डबा द्यायला क्लासवर आल्या होत्या. जिना चढून धापा टाकत दारात उभ्या. सरांनी सवयीनं चष्मा वर केला. "यू लुक टायर्ड." काकूंना अर्थ विचारावा लागला. तो कळल्यावर त्या म्हणाल्या, "बत्तीस वर्सं झाली. आता दिसून राहिलं का?" आणि डबा ठेवून गेल्या. त्या दिवशी आम्ही डोळे पुसले ते फवारणीमुळे नव्हे.

पण गुरांच्या बाबतीत सर चुकले असं कधी झालं नाही. माझ्या प्रगतीविषयी सांगायला ते एकदा साखऱ्याला आमच्या घरी आले होते. आबा चहा सांगत होते. सर गोठ्यावरून येता येता थांबले, आमच्या म्हशीकडे एकदाच बघितलं, चष्मादेखील वर न करता, आणि म्हणाले, "हिच्या पोटात वायर नाहीतर खिळा गेला हाये. आजच दाखवा, उद्या न्हाई." म्हैस तर व्यवस्थित रवंथ करत उभी होती. आबांना पटलं नाही, पण दाखवली. तार निघाली, बोटभर. म्हैस वाचली आणि त्या दिवसापासून आबांच्या लेखी टेकाळे सर म्हणजे शेवटचा शब्द. जो माणूस म्हशीच्या पोटातलं सांगतो त्याला माणसाचं काय अवघड, असा साधा हिशेब आबांनी केला. आमच्या घरची पुढची सगळी भानगड या एका चुकीतून झाली.

कारण त्याच हिवाळ्यात जिंतूरकडचं स्थळ आलं. मुलगा पुण्यात कंपनीत, स्वतःचा फ्लॅट, सातव्या मजल्यावर, लिफ्ट आहे. लिफ्ट आहे हे आबांनी मला तीनदा सांगितलं. बघायला येणार होते त्या दिवशी आबांनी सरांनाही बोलावलं. मुलीनं पाहुण्यांसमोर चार वाक्यं इंग्रजीत बोलावीत आणि ती सरांनी बोलवून घ्यावीत, असा बेत होता.

बैठक भरली. पाहुण्यांकडून आठ जण. मुलाचे वडील जाडजूड, सोफ्यावर एकटेच मावणारे. आई सारखी भिंतीवरच्या फोटोंकडे बघत होती. एक मामा हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे, त्यांच्या खिशाला दोन पेनं. सरांना आबांनी मुलाच्या शेजारी खुर्ची दिली. मी पोह्यांच्या बशा घेऊन आले आणि समोर पाटावर बसले. तीन दिवसांपासून माझी अक्कलदाढ ठणकत होती. मायनं दाढेखाली लवंग दाबून दिली होती आणि बजावलं होतं, की दाढेचं नाव काढायचं नाही, रोगट म्हणतील. मी दात दाबून बसले. मनात दुसरं काही नव्हतं. स्थळ मला चालण्यासारखं वाटत होतं. नको असं काही मनात आलं नव्हतं, हवं असंही नाही. पुणे होतं, लिफ्ट होती.

आबा म्हणाले, "सर, इचारा तिला काहीतरी इंग्रजीत."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. मान पुढे काढली. पुढे काय होणार ते त्या खोलीत मला एकटीलाच ठाऊक होतं. सरांनी लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "शी डझ नॉट लुक हॅपी."

पाहुण्यांतल्या बहुतेकांना काही कळलं नाही. दोन पेनांचे मामा मात्र होते. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि सर्वांसाठी मराठी केलं, "मुलगी खुश दिसत नाही, म्हणतात."

आबा घाईनं हसले. "लाजून राहिली हो."

"लाजेल तोंड येगळं असते," सर म्हणाले. त्यांना बैठकीचं काहीही भान नव्हतं, ते बुधवारच्या स्टँडवर होते. "पर माझं चुकूही शकते. तुमी तिला इचारून घ्या की. इचाराया काय लागते?"

एवढ्या माणसांत आबांना मागे फिरता येईना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला आबांनी एकोणीस वर्षांत जेवलीस का विचारलं होतं, कुठं चाललीस विचारलं होतं, मार्क किती पडले विचारलं होतं. आता ते घसा खाकरून म्हणाले, "काय गं वंदे, खुश हाईस ना तू?"

दाढ दुखतेय, एवढंच सांगायला मी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते वेगळंच. "आबा, मला आणखी शिकायचंय. आत्ता लग्न न्हाई करायचं." हे ऐकून सगळ्यांत जास्त चकित कोण झालं असेल तर मी. हे वाक्य माझ्या आत आहे याचा मला पत्ताच नव्हता. कुणी दार वाजवलं नव्हतं, म्हणून ते उठून आलं नव्हतं. मग मी रडायला लागले, आणि खरं सांगते, त्यात अर्धं रडं दाढेचं होतं.

पाहुणे पोहे टाकून गेले. मुलाच्या वडिलांनी जाताना आबांना ऐकवायचं ते ऐकवलं, आबांनी ते मान खाली घालून ऐकलं. नंतर आठ दिवस आबा घरात कुणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी रात्रीच्या जेवणाला पाटावर बसता बसता म्हणाले, "काय शिकायचंय ते सांग बाई एकदाचं. इचारून बसलो, आता निस्तरावं लागन." मी रक्त तपासणीचा कोर्स सांगितला, कारण वर्गातल्या एका मुलीच्या बहिणीनं तो केला होता. तो मी नांदेडला राहून पूर्ण केला. आबांना मात्र विचारण्याची जी खोड लागली ती सुटली नाही. आता ते भाजी कोणती करायची हे घरात चौघांना विचारतात आणि कुणालाच हवी ती भाजी होत नाही.

भोगलं ते सरांनी. आठवडाभरात सगळ्या तालुक्यात झालं, टेकाळ्यानं एका पोरीचं जमत आलेलं लग्न मोडलं, पोरींना भरीस घालतो. माझ्यामागून बाकीच्या आठही मुलींची नावं एकामागून एक कमी झाली. राहिले पाच फरशीवाले. तेही होळीनंतर एकेक करून आपापल्या वाटेनं गेले. सरांनी पाटी उतरवली आणि नरसी नामदेवला भावाच्या दुकानात जाऊन बसले. देवाला आलेल्या माणसांना नारळ आणि फुटाणे देता देता त्यांची तोंडं बघायचे. नारळ घेणाऱ्याला "यू लुक वरीड" असं ऐकवल्यामुळे भावानं त्यांना गल्ल्यापासून हलवून फुटाण्यांच्या बाजूला बसवलं, असं माझ्या कानावर आलं होतं.

या सगळ्याचं सरांना दुःख नव्हतं. उलट, माझी गोष्ट ते येईल त्याला सांगायचे. आयुष्यात माणसाचं एक तोंड त्यांनी बरोबर वाचलं होतं आणि ते माझं होतं. "सगळे म्हनले लाजून राहिली. मी एका नजरेत वळखलं," हे त्यांचं वाक्य मी तीन वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं. मी कधी खोडलं नाही. माझ्यापायी माणसाचा क्लास बुडाला होता. एवढं तरी त्याच्याकडे राहू द्यावं, असं मला वाटायचं. मला त्यांची लाज वाटत नव्हती, माझी वाटत होती.

सर गेले त्याला आता दीड वर्ष झालं. त्याच्या आधी काही महिने ते हिंगोलीला मी काम करते त्या लॅबमध्ये साखर तपासायला आले होते. खूप वाळले होते, पण चष्मा कपाळावरच. मी दंडाला पट्टा बांधत होते आणि ते शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी बाईला सांगत होते, "ही पोरगी माझी ईद्यार्थिनी. हिच्या तोंडावर मी वाचलं व्हतं, हिला हे लगन नको म्हनून. सगळ्या तालुक्यात मी एकट्यानं." बाईंनी कौतुकानं माझ्याकडे बघितलं. आणि मला काय झालं कुणास ठाऊक. नऊ वर्षं गिळलेली गोष्ट मी सुई हातात असताना सांगितली.

"सर, त्या दिवशी माझी दाढ दुखत होती."

सरांचा हात माझ्या हातात होता, तो जरासा सैल झाला. मी शीर शोधली, रक्त काढलं, कापूस लावला. बाई उठून गेल्या. मग सर म्हणाले, "बराबर. चुकलं माझं." थोड्या वेळानं म्हणाले, "मंग न्हाई काहून म्हनलीस?"

"तुमी इचारा म्हणलात, आबांनी इचारलं, म्हणून. तोवर मला कोणी इचारलंच नव्हतं. मला पण म्हायती नव्हतं, सर."

मला वाटलं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. एका बाजूनं काढून घेतलं ते दुसऱ्या बाजूनं दुप्पट करून देते आहे, अशा थाटात मी ते सांगितलं. सर कापूस दाबून धरत बसले होते. रक्त केव्हाच थांबलं तरी दाबतच होते.

"आन ते पोरगं?" त्यांनी विचारलं.

"कोणतं, सर?"

"तुला पाहाया आलतं ते. ते कसं दिसत व्हतं?"

मी आठवायला लागले. वडिलांची ढेरी आठवली, मामांची दोन पेनं आठवली, दारात काढलेल्या बुटांची रांग आठवली. त्याच्या गुडघ्यावर चौकोनी घडी केलेला रुमाल होता आणि एक हात त्या रुमालावर होता, इथवर मी आले. त्या हातावरून वर जायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. "मी पाहिलंच नाही, सर," मी म्हणाले.

"मी बी न्हाई," सर म्हणाले. "मी त्याच्या बाजूलाच बसेल व्हतो. त्याला कोनी काहीच न्हाई इचारलं."

आणि आम्ही दोघं, दोघांनी मिळून ज्याचं लग्न मोडलं होतं त्या माणसाचं तोंड आठवून बघत, लॅबच्या त्या खुर्च्यांवर बसून राहिलो.